डाव्या हाताचा मोजा

ठाणे,
रविवार, ता. १८ नोव्हेंबर १८८८

चि. सबीना हीस,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पावले. मामा-मामींची प्रकृती, शाळेतील मुलांची हजेरी आणि कल्याणच्या पाण्याने तुला झालेली सर्दी या सर्वांविषयी तू सविस्तर लिहिलेस, ते बरे केलेस. पत्राच्या उत्तरार्धात जो प्रश्न विचारला आहेस, त्याचे उत्तर घाईने देण्यासारखे नाही. ते सवडीने देईन.

येथील वर्तमान असे. मिठागरांचे बांध अद्याप दुरुस्त होत आहेत, त्यामुळे आमच्या मीठखात्यात सध्या कामापेक्षा माणसे अधिक आहेत. चर्चची कौले फिरवून झाली. रंगूबाई रोज सकाळी झाडलोट व भांडी करून जाते आणि जाता जाता, "मालक, तुम्ही जेवता का नुसती भांडी उष्टी करता?" असे विचारते. मी जेवतो. तशी तुझी खात्री असू दे.

मृतांचा सण होऊन गेल्यावर शेजारची फिलूमावशी दोनदा सांगून गेली की सेलेस्टीनचे कपडे आता गरजूंना द्यावेत, पेटीत ठेवून कसर लावण्यात काही पुण्य नाही. तुझी आई गेल्यानंतरचा हा पहिलाच नाताळ येईल. त्याआधी हे काम व्हावे हे मलाही योग्य वाटले. म्हणून गुरुवारी मावशीसमक्ष पेटी उघडली. तळाशी, लग्नातल्या लुगड्याच्या घडीखाली, हातरुमालात गुंडाळलेला एक पांढरा हातमोजा निघाला. सोबत विणायच्या बारीक सुया आणि त्याच दोऱ्याचा गुंडा.

मोजा उजव्या हाताचा आहे. वरच्या अंगाला, म्हणजे हाताच्या पाठीवर, जाळीदार फुलांची एक ओळ चढत गेली आहे. तळहाताची बाजू साधी. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत येऊन काम थांबते. बोटे नाहीत. ते अपुरे राहिले असे मी समजलो. मावशीने ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे.

"लिओ, तो पुरा हाय," ती म्हणाली. "नवरीचा मोजा असाच असतो. बोटं झाकून टाकली तर नवरा अंगठी कुठं घालील, नाकात?"

मी विचारले, कोणत्या नवरीचा.

"ते मला काय ठावं. जिनं केला तिला इचारायचं होतं," असे म्हणून ती लुगडी मोजू लागली. लुगडी दोनच होती.

डाव्या हाताचा मोजा पेटीत नाही. जोडीची वस्तू एकटी पडून राहिली की मला चैन पडत नाही, हे तू जाणतेस. दुसरा कोणाकडून तरी पुरा करून घ्यावा असा विचार आहे. तो कोणाच्या हातात जाईल, हा प्रश्न आज नाही.

सर्दीला सुंठ घे. कळावे.

तुझा पिता,
लिओ


ठाणे,
रविवार, ता. ९ डिसेंबर १८८८

चि. सबीना हीस,

आशीर्वाद. दुसरे पत्र पावले. पहिल्यातला प्रश्न तू पुन्हा विचारला आहेस, या खेपेस खाली रेघ ओढून. रेघ दिसली.

ज्याच्याशी तू लग्न करू इच्छितेस त्या लिनोविषयी मला जे ठाऊक आहे ते इतकेच: तो मूळचा मोहन्याचा, घरी नदीकाठी भातशेती, स्वतः रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकतो, आणि लवकरच त्याची बदली घाटावर, इगतपुरीस, व्हावयाची आहे. यांतील एकही गोष्ट त्याच्या विरुद्ध जात नाही, हे मी मान्य करतो. तरीही काही गोष्टींचा विचार करावा लागतो. कोणत्या, ते मी अजून नीट मांडू शकलेलो नाही. पाद्रीबाबांकडे तीन रविवार लग्नाचा पुकारा व्हावा लागतो आणि ईस्टरपूर्वीचा उपासकाळ लागला की लग्ने होत नाहीत, हे तू मला लिहून कळविण्याची आवश्यकता नव्हती.

आता मोज्याविषयी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ते काम अंगावर घेतले. हे गृहस्थ लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर जात आणि जाळी विणीत. पुढे शाळा आणि सरकारी नोकरी लागल्यामुळे ते सुटले, परंतु हात विसरत नाहीत असा त्यांचा समज होता. त्यांनी बांबूची पट्टी तासून घेतली, कारण जाळ्याची घरे एका मापाची यायची तर पट्टी हवी. आणि त्याच पांढऱ्या दोऱ्याने मोजा विणावयास घेतला. घरे अगदी समान आली. गाठ एकही सैल नव्हती. काम पाहून त्यांना समाधान वाटले व त्यांनी ते फिलूमावशीस दाखविले.

मावशीने ते उजेडाकडे धरले. "हे कशाला? खाडीतल्या निवट्या पकडायला?"

त्यांनी शांतपणे सांगितले की हा हातमोजा आहे.

"मग घाल हात." तिने स्वतःच हात घातला. चार बोटे कशीबशी गेली, अंगठा अडकला, आणि तो हात बाहेर काढण्यास आम्हा दोघांना बराच प्रयत्न करावा लागला. तेवढ्या वेळात ती जे जे बोलली ते सर्व येथे लिहिण्यासारखे नाही.

'आम्हा दोघांना' असे मी वर लिहून बसलो आहे. खोडल्यास कागद खराब होईल. तेव्हा, ते गृहस्थ मीच, हे तुला कळविणे भाग आहे. मामांना सांगू नये. त्यांना सांगितले तर कल्याणपासून भुसावळपर्यंत प्रत्येक स्टेशनमास्तराला ठाऊक होईल.

मावशीने मग समजावून दिले ते असे. जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते. एक घर फाटले तरी शेजारचे सुटू नये, अशी ती योजना. म्हणून जाळे मासे धरते, पण ताणत नाही. विणकामात गाठ कोठेच नाही. एक टाका दुसऱ्या टाक्याला नुसता धरून असतो. त्यामुळेच मोजा ताणतो, वळतो आणि हातावर बसतो.

मी विचारले, "मग कोणी एक टोक धरून ओढले तर?"

"तर सगळं सुटतं."

"मग ते टिकते कसे?"

"कोण ओढत नाय म्हणून," ती म्हणाली.

या उत्तरावर मी अद्याप विचार करीत आहे. मीठखात्यात एवढ्यावर कोणी गोणीचे तोंडही बांधणार नाही.

या चुकीची एक किंमत पडली आहे. विणलेले उसवले तर दोरा पुन्हा हाती येतो. माझ्या गाठी इतक्या पक्क्या होत्या की त्या सुटेनात. कात्री लावावी लागली. तुझ्या आईने ठेवलेल्या गुंड्यातला मोठा भाग असा तुकडे होऊन गेला. ते तुकडे मी टाकलेले नाहीत.

मावशी आता मला रविवारी दुपारी आणि इतर दिवशी कचेरीपूर्वी शिकवते. एक काम कर. एका कागदावर तुझा डावा हात पालथा ठेव, बोटे थोडी विलग ठेव, आणि शिसपेन्सिलीने भोवती रेघ ओढून तो कागद मला पाठव. कारण विचारू नये.

तुझा पिता,
लिओ


ठाणे,
रविवार, ता. ६ जानेवारी १८८९

चि. सबीना हीस,

नवीन वर्षाचे आणि आजच्या तीन राजांच्या सणाचे आशीर्वाद. नाताळात मामींना बरे नव्हते म्हणून तू आली नाहीस, हे कारण मी मान्य केले आहे. मावशीने तुझ्या वाटचे मैद्याचे गोड फुगे तळले होते; ते मी खाल्ले. दोन दिवस पोट दुखले.

तुझ्या हाताचे चित्र पावले. त्याखालची ओळही पावली: 'हात पाठवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.' तुझे अक्षर हल्ली तुझ्या आईसारखे वळू लागले आहे, विशेषतः रागात.

तो कागद मी टेबलावर ठेवला आणि त्याशेजारी तुझ्या आईचा मोजा पालथा ठेवला. माझ्या मनात असे होते की मोजा तुला सैल होईल. पाटीवर अक्षर गिरवताना मी ज्याला धरीत असे, तोच हात माझ्या डोळ्यापुढे होता. प्रत्यक्षात मोज्याचे आणि रेघेचे माप तंतोतंत जुळले. सेलेस्टीनला कधी माप घ्यावे लागले नाही, असे दिसते. तो कोणत्या नवरीचा, हा प्रश्न मी नोव्हेंबरात विचारला होता. तो आता विचारीत नाही.

शिकणे बरे चालले आहे. सुलट टाका मला प्रथम आला, उलट टाका फार उशिरा. मावशी म्हणते माझा हात फार आवळ आहे; मी टाक्याला असा आवळतो की सुई पुढे जावयास परवानगी मागते. तरी नाताळानंतर धीर करून मी खरा मोजा सुरू केला. कचेरीत आम्ही दस्तऐवजाची नक्कल 'अस्सलबरहुकूम' करतो, म्हणजे मूळ कागदात आहे तेच आणि तसेच. स्वतःची अक्कल चालवावयाची नाही. तुझ्या आईचा मोजा समोर ठेवून मी त्याच नियमाने काम केले. टाक्याला टाका, फुलाला फूल. अंगठ्याची जागाही तिने धरली तेथेच धरली, आणि दोरा संपत आला म्हणून तेथे थांबलो. कोठे एक टाका चुकला नाही.

मावशीस दाखविले. तिने दोन्ही मोजे दोन हातांवर चढविण्याचा प्रयत्न केला. एका हातावर फुले वर आली. दुसऱ्या हातावर ती तळव्यात गेली.

"लिओ, तू उजवाच केलास की रे पुन्हा."

मी म्हणालो, मी अगदी हुबेहूब केला.

"तेच तर. हुबेहूब केलास म्हणूनच. डावा म्हणजे उलटा नको का?" मग ती हसू लागली, आणि हसता हसता खुर्चीवर बसली. "तिचे तरी दोन्ही हात उजवेच होते म्हणा," असे म्हणून ती डोळे पुसू लागली.

नक्कल करताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती तुला सांगतो. आईच्या मोज्यात मनगटाकडचे टाके एकसारखे आणि घट्ट आहेत. वर जाता जाता ते सैल होत गेले आहेत. फुले चुकलेली नाहीत, परंतु दोरा ओढण्याचा जोर कमी होत गेला आहे. प्रथम मी त्याची दोष म्हणून नोंद केली. नंतर लक्षात आले की वरच्या ओळी पावसाळ्यातल्या असाव्यात, तिला ताप भरू लागला तेव्हाच्या. ती दुपारी खिडकीपाशी बसत असे आणि मी आल्यावर हातातले काही तरी पदराखाली घेत असे. मी समजत होतो की ती जपमाळ आहे.

उजव्याच हाताचा झालेला तो दुसरा मोजा मी उसविला. दोरा पुन्हा गुंड्यावर आला, थोडा कुरळा झालेला. आता डाव्या हाताचा सुरू केला आहे आणि मनगट पुरे झाले आहे. परंतु हिशेब केला असता दोरा याही खेपेस अंगठ्यापर्यंतच पुरेल. ठाण्याच्या बाजारात तसा दोरा नाही. एक फार जाड, दुसऱ्यात पिवळी झाक. दुकानदार म्हणाला, "कोण बघतंय एवढं?" मी दोरा परत त्याच्या हाती दिला.

तूर्त काम थांबले आहे.

तुझा पिता,
लिओ


ठाणे,
सोमवार, ता. २१ जानेवारी १८८९

चि. सबीना हीस,

आशीर्वाद. हे पत्र कचेरीत जाण्यापूर्वी लिहीत आहे, म्हणून अक्षर नेहमीसारखे नसेल.

काल दुपारी लिनो येथे आला होता. तू त्यास पाठविले नाहीस असे त्याने प्रथमच सांगितले, व ते मी खरे मानतो. मी ओसरीवर बसून विणीत होतो. दोरा पुरणार नाही हे ठाऊक असूनही, असेल तेवढे विणावे म्हणून. फाटक वाजले तेव्हा मी काम वर्तमानपत्राखाली सरकविले, त्याला खुर्ची दिली, आणि स्वतः सुईवर बसलो. हे त्याला कळले असावे. तो काही बोलला नाही. हा त्याच्या बाजूचा पहिला मुद्दा.

त्याचे हात मी पाहिले. धुऊन आला होता तरी नखांत कोळसा होता. टोपी मांडीवर ठेवून तो म्हणाला, "काका, मी जास्त वेळ बसणार नाय. संध्याकाळी ड्यूटी हाय." आणि खिशातून कागदाची पुडी काढून त्याने टेबलावर ठेवली. आत दोऱ्याचा गुंडा होता. मी तो चष्म्याजवळ नेला. तोच दोरा, तोच पीळ, तीच जाडी. केवळ अधिक पांढरा, कारण पेटीत राहिलेला नव्हता.

मी विचारले, हा कोठे मिळाला.

"मुंबईला, बोहऱ्याच्या दुकानात. मावशींचा निरोप आला की काकांचा दोरा संपला."

"दुकान कसे सापडले?"

तो टोपी फिरवू लागला. "पयलाही मीच आणला होता," तो म्हणाला. "ईस्टरला सबीनाची आई कल्याणला आल्या होत्या ना मामांकडे, तेव्हा त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, लिनो, मुंबईला जातोस तर असा दोरा आण, बारीक आण, माझ्या पोरीच्या लग्नाचे मोजे करायचेत. मी बोललो, कोणाशी लग्न? तर माझ्या डोक्यात टपली मारली."

सबीना, मी हे वाक्य जसे ऐकले तसे लिहिले आहे. त्यात माझा एकही शब्द नाही.

मी त्यास विचारले की मग तिने मला का सांगितले नाही. तो म्हणाला, "त्या बोलल्या, दोन्ही हात पुरे झाले की मी लिओला सांगेन. मोजे समोर ठेवून सांगितलं म्हणजे तो मोजे बघत बसेल आणि हो म्हणेल. तोवर तू तोंड उघडू नको. म्हणून मी नाय उघडलं. आता मोजे तुम्हीच करताय, तर मला वाटलं, सांगावं."

एवढ्यात फिलूमावशी आतल्या दाराने आली. मी तिला विचारले, हे तुला ठाऊक होते काय.

"होतं."

"मग सांगितले का नाहीस?"

"मी बोलले असते तर तू मलाच नाय म्हणाला असतास. तिला कसा नाय म्हणशील?" असे म्हणून ती चहा ठेवावयास गेली.

लिनोस मी इगतपुरीविषयी विचारले. तो म्हणाला, रेल्वेची चाळ आहे, खोली कोरडी आहे, सकाळी धुके असते, पाणी चांगले आहे, आणि चर्च चालत जाण्याजोगे आहे. थंडी फार काय, असे मी विचारले. "इंजिनावर नाय लागत. घरात लागेल," तो म्हणाला, "पण मी कोळसा आणीन." रेल्वेचा कोळसा घरी आणणे नियमाविरुद्ध आहे, असे मी त्यास बजावले. त्यावर तो म्हणाला, "विकत आणीन, काका." जाताना त्याने ओसरीची पायरी हलते हे पाहिले आणि खाली वाकून दगड नीट बसविला. ती पायरी पावसाळ्यापासून हलत होती.

आता तुझ्या प्रश्नाविषयी. मी तुला लिहिले होते की काही गोष्टींचा विचार करावा लागतो. काल तो गेल्यावर मी त्या गोष्टी एकामागून एक मनाशी मांडू लागलो. इंजिनावरचे काम जोखमीचे. परंतु खाडीवरचे काम त्याहून जोखमीचे होते, आणि माझी आई त्या घरात नांदली. शिक्षण बेताचे, परंतु तो खोटे बोलत नाही. मोहन्याची माणसे आपल्याला अपरिचित. परंतु सेलेस्टीनने परिचय करून घेतला होता. असे करता करता सर्व गोष्टी संपल्या आणि एकच उरली, आणि तिचा लिनोशी काही संबंध नाही.

तू कल्याणला आहेस तोवर सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला घरी येतेस. कधी येत नाहीस. परंतु येऊ शकतेस, या एका गोष्टीवर हे घर चालले आहे. घाटावर गेलीस की तेही राहणार नाही. रंगूबाई विचारते त्याचे खरे उत्तर असे आहे की मी पुष्कळदा दोन ताटे वाढून घेतो आणि मग एक परत ठेवतो. हे कारण मला कोणत्याही आक्षेपाखाली लिहिता येत नव्हते, म्हणून मी आक्षेप शोधीत होतो.

तुझ्या आईने एक क्रम ठरविला होता: प्रथम दोन्ही मोजे, मग लिओला सांगणे. तो क्रम मी मोडू इच्छीत नाही. मोजा अंगठ्यापर्यंत आला आहे. दोरा आता आहे. पुकाऱ्याचा पहिला रविवार कोणता असावा लागेल, हे मला ठाऊक आहे. थोडा धीर धर.

तुझा पिता,
लिओ


ठाणे,
रविवार, ता. ३ फेब्रुवारी १८८९

माझ्या सबीनेस,

मोजा काल पुरा झाला. मावशीने तो उजेडाकडे धरला, आतून-बाहेरून पाहिला, आणि म्हणाली, "डावा हाय." तिच्याकडून याहून अधिक मिळत नाही.

तो घेऊन मी तसाच पाद्रीबाबांकडे गेलो. ते बागेत वांग्यांना पाणी घालीत होते. मी मोजे त्यांच्यापुढे धरले आणि माझ्या मुलीच्या लग्नाचा पुकारा करावा असे सांगितले. त्यांनी विचारले, मुलाचे नाव काय. आजवर ते नाव मी केवळ पत्रात लिहिले होते. काल ते प्रथमच मोठ्याने उच्चारले. अवघड नाही.

आज चर्चमधल्या मिसेत पहिला पुकारा झाला. ठाण्याची सबीना आणि मोहन्याचा लिनो. कोणास काही अडचण ठाऊक असल्यास सांगावी, असे पाद्रीबाबा म्हणाले, तेव्हा बायकांच्या बाजूने फिलूमावशीने माझ्याकडे पाहिले. तिने तसे पाहण्याचे कारण नव्हते. मी बसूनच राहिलो. बाहेर आल्यावर लोकांनी अभिनंदन केले आणि एकाने विचारले की मुलगी एवढ्या लांब देता. मी म्हणालो, तेथे धुके असते, पाणी चांगले आहे आणि चर्च चालत जाण्याजोगे आहे.

राहिलेले पुकारे पुढच्या दोन रविवारी होतील. लग्न सोमवारी, पंचविसाव्या तारखेस. मामांना आता सर्व सांगावयास हरकत नाही. भुसावळपर्यंत जाऊ दे. तू आदल्या आठवड्यात घरी ये. तुझी खोली रंगूबाईने सारवून ठेवली आहे. आईचे ते लुगडे मी कोणास दिलेले नाही.

मोजे पत्रासोबत पाठवीत नाही. ते येथेच, मी हाताने देईन. चर्चच्या दारापाशी उजवा तू स्वतः घाल. तो आईचा आहे, त्याला माझी मदत लागणार नाही. डावा मी चढवीन. अंगठी याच हातात यावयाची आहे, आणि अंगठ्याची जागा थोडी आवळ झाली आहे; ती कशी वळवावी हे मला ठाऊक आहे. तेवढा वेळ लिनोने दारात उभे राहावे.

दोन मोजे शेजारी ठेवले तर फरक दिसेल, हे आधीच सांगून ठेवतो. आईचा वर जाता जाता सैल होतो. माझा खाली इतका घट्ट आहे की तुला टोचेल, आणि वर तोही सैल होतो. ते मी ठरवून केलेले नाही. शेवटच्या ओळींवर हात आपोआप तसा चालला. शिवाय डाव्यात अंगठ्याच्या मुळापाशी रंग बदलतो. तेथपर्यंत आईचा दोरा आहे, पेटीत मुरलेला. तेथून पुढे लिनोने आणलेला, नवा. एकदा धुतल्यावर कदाचित सारखे होतील. न झाले तरी चालेल.

या ठिकाणाविषयी एक सांगावयाचे राहिले. मावशीने शिकविले होते की दोरा संपला तर गाठ मारू नये. दोन्ही टोके काही टाके एकत्र विणावीत, म्हणजे ती एकमेकांना धरून राहतात. मी तसे विणले. विणून झाल्यावर ते उलटे करून पाहिले, थोडे ओढून पाहिले. धरून होते. तरीही मावशीची पाठ फिरल्यावर मी तेथे एक गाठ मारली आहे. आमच्या घरी जाळ्याला मारीत तीच, कधी न सुटणारी. आतल्या बाजूस आहे, बारीक आहे, हात मिटलास तर तळव्याला जाणवेल.

तेवढी राहू दे.

तुझा बाबा